इंजिन बदललेली पिकअप रोज सकाळी एअर धरते? पंप उघडण्याआधी हे पाहा

जुन्या पिकअपमध्ये घरीच दुसरं डिझेल इंजिन बसवलेल्यांची एक तक्रार हमखास असते. गाडी दिवसभर झकास चालते, पण रात्री उभी केली की सकाळी सुरू व्हायचं नाव घेत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. बॉनेट उघडून फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचा) हँड पंप वीस-पंचवीस वेळा मारला की कशीबशी पकडते, धडधडते, एक-दोनदा बंद पडते आणि मग पुन्हा दिवसभर काही नाही. मिस्त्री एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, काढून देतो, चार दिवस बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

मग कोणीतरी सांगतं, 'पंप गेला असंल, खोलून टाका.' नोझलना दाबानं डिझेल देणारा इंजेक्शन पंप उतरतो, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझल उतरतात, हजारोंचं बिल होतं आणि गाडी घरी आल्यावर आठवड्याभरात पुन्हा तेच रडगाणं. हा खर्च टळावा म्हणून सविस्तर लिहितोय. इंजिन बदललेल्या गाडीत ही सकाळची एअर बहुतेक वेळा टाकी ते फीड पंप याच टप्प्यातून शिरते. पंपावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. आणि एअर काढणं हा इलाज नव्हे. जिथून ती शिरली ती जागा तशीच राहिली तर उद्या पुन्हा शिरणारच.

आधी एअरच आहे ना, ते ठरवा

सकाळी पहिला सेल्फ मारताना कोणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभं करा. इंजिन दहा सेकंद फिरलं आणि धूर अजिबात निघाला नाही, तर नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाहीये. पांढरट धूर निघतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाहीये. तो दोष कॉम्प्रेशनचा, टायमिंगचा, थंडीचा किंवा रेंगाळत फिरणाऱ्या सेल्फचा. त्याची वाट वेगळी, या लेखाचा त्याला उपयोग नाही.

नागपुरात हा घोळ हिवाळ्यात हटकून होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि 'थंडीनं अडकली' म्हणून सोडून दिलं जातं. जुन्या इंडायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनाला हीटर प्लग लागतात, ते तापल्याशिवाय थंडीत ते पकडत नाही हे खरं. पण डायरेक्ट इंजेक्शनचं (डीआय, डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) धडधाकट इंजिन आपल्याकडच्या थंडीत हीटरशिवाय सुरू व्हायला हवं. डीआय बसवलंय, धूर नाही आणि तरी थंडीला दोष देताय, तर थांबा.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या. धूर नाही, पण हँड पंप पहिल्या एक-दोन दाबांतच हाताला भरीव लागतो, म्हणजे लाईन डिझेलनं भरलेली आहे. अशा वेळी इंजेक्शन पंपावरचा, इंजिन बंद करायचा स्टॉपचा लिव्हर बघा. इंजिन बदलल्यावर जुनी स्टॉप केबल नव्या जागी ओढून बसवलेली असते. ती जराशी आखूड पडली की आत ढकलल्यावरही लिव्हर पूर्ण मागे जात नाही आणि पंप बंदच्या जवळ अडकून राहतो. केबल पंपाकडून सोडा, लिव्हर हातानं चालूच्या बाजूला लावा आणि सेल्फ मारा. गाडी लगेच पकडली तर दुखणं एका केबलीचं होतं.

हँड पंप मात्र पोकळ लागत असेल, बरेच हात मारल्यावर हळूहळू दाब येत असेल, तर एअर आहे. पुढे वाचा.

इंजिन बदलल्यावरच हे का सुरू होतं

महिंद्राच्या जुन्या जीप घराण्यातल्या कित्येक गाड्यांत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन होतं. २११२ सीसी, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, इंडायरेक्ट इंजेक्शन. त्याच्या जागी आपल्याकडे सर्रास २५२३ सीसीचं डीआय बसवतात. त्याचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी. स्ट्रोक लांब, डायरेक्ट इंजेक्शनचा ठोका कडक, त्यामुळे आयडलिंगला हे इंजिन माउंटिंगवर जास्त हलतं. पंपाचं तोंडही जुन्या इंजिनाच्या जागी येत नाही. चेसिसवरून आलेली लोखंडी नळी तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून मध्ये रबरी नळीचा तुकडा जोडला जातो. तो तुकडा ताणून बसवलेला असेल तर इंजिनाच्या प्रत्येक हिसक्याला जोड खेचला जातो.

इंजिन बदलताना माउंटिंग, बेल हाउसिंग, क्लच, प्रोपेलर शाफ्टची लांबी, ब्रेकचा व्हॅक्यूम पंप यांत जीव ओतला जातो. डिझेलची नळी शेवटच्या संध्याकाळी हाताला लागेल त्यानं जोडली जाते. कूलरच्या पंपाची पारदर्शक नळी, घरगुती गॅसची नळी, रेडिएटरची उरलेली नळी, सगळं पाहिलं आहे. पाण्याच्या नळीचं रबर डिझेलनं फुगतं, पारदर्शक पीव्हीसी काही महिन्यांत काठीसारखं कडक होतं. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून गेलेली. दोन उन्हाळ्यांत ती क्लिपपाशी तडकते.

गाडी मुळात पेट्रोलची असेल तर भानगड जरा मोठी. पेट्रोलची लाईन बारीक, आणि बहुतेक जुन्या टाक्यांना रिटर्नची नळीच नसते. डिझेल पंप गरजेपेक्षा बरंच जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो. बारीक नळीतून ओढायला जोर जास्त लागतो, आणि जितका जोर जास्त तितकी ढिल्या जोडातून हवा जास्त. अशा गाडीत टाकीपासून ८ मिमी आतल्या व्यासाची नवी नळी आणि टाकीत स्वतंत्र रिटर्न, हे केल्याशिवाय बाकी काही करू नका.

डिझेल टिपकत नाही म्हणून जोड चांगला, असं नसतं

टाकी खाली, फीड पंप वर. मधल्या नळीत डिझेल ओढून धरलेलं असतं. या टप्प्यात कुठे बारीक भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रसाच्या ग्लासातल्या स्ट्रॉला वर चीर पडली की रस तोंडापर्यंत येत नाही, पण चिरेतून थेंबही गळत नाही, तसंच. गाडी चालू असताना फीड पंप थोडी हवा पचवून रिटर्नला लावतो, म्हणून दिवसा कळत नाही. रात्रभर उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरत राहते आणि डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. त्यामुळे सगळे जोड कोरडे ठणठणीत दिसतात आणि मिस्त्री म्हणतो, 'लाईन एकदम ओके आहे भाऊ.'

याची एक सोपी खूण आहे. गाडी रात्री अशी उभी करा की टाकीची बाजू पंपापेक्षा वर राहील. टाकी मागे असेल तर नाक उताराकडे. आपलं शहर बरंचसं सपाट, पण सेमिनरी हिल्सकडे राहणाऱ्यांना उतार आयता मिळतो. बाकीच्यांनी मागची चाकं भक्कम लाकडी ठोकळ्यांवर चढवावीत आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. अशा रात्रीनंतर गाडी एका सेल्फला पकडली तर गळती ओढण्याच्या बाजूलाच आहे. टाकी फुल्ल असताना त्रास नाही आणि अर्ध्याखाली गेली की सुरू, ही तर त्याहून नेमकी खूण. तिच्याकडे पुढे येतो.

कॅन लावून बघा

सगळ्यांत खात्रीची चाचणी हीच, आणि खर्च जवळपास शून्य. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा. फीड पंपाच्या तोंडावरची गाडीची नळी काढा, तिथे नवी पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक कॅनच्या तळाशी सोडा. रिटर्नची नळीही याच कॅनमध्ये आणा. एअर काढा, गाडी सुरू करा, पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. कॅन मडगार्डवर किंवा बॅटरीवर ठेवायचा नाही, जमिनीवर, गाडीच्या टाकीच्या पातळीला ठेवायचा. वर ठेवला की डिझेल वजनानं आपोआप खाली येतं, ओढण्याचा प्रश्नच राहत नाही आणि फीड पंपाचा स्वतःचा दोष झाकला जातो. मग टाकी चांगली असून तिच्यावर आळ येतो.

सकाळी पारदर्शक नळी बघा. वरपर्यंत भरलेली आणि गाडी झटक्यात सुरू, तर दोष गाडीच्या लाईनीत किंवा टाकीत. नळीत डिझेल खाली उतरलेलं दिसलं, तर दोष फीड पंपात, हँड पंपात किंवा पुढे फिल्टरकडे.

लाईनीत असेल तर अर्धं-अर्धं करत जा. पारदर्शक नळी आधी चेसिसच्या मधल्या जोडापाशी लावा, मग टाकीच्या तोंडाशी. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसतात तिथून टाकीकडचा भाग संशयित, दिसत नाहीत तर इंजिनाकडचा. एखाद्या जोडावर संशय असेल तर त्याभोवती घट्ट ग्रीस थापा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नीट सुरू झाली की जोड सापडला. काही जण टाकीत हवा भरून गळती बाहेर काढतात. करायचंच तर रिटर्नच्या नळीतून सायकलच्या पंपाचे हलके दोन-चार हात, बस्स. कॉम्प्रेसर टाकीला लावायचा नाही, जुनी टाकी शिवणीत फाटते.

टाकीतली नळी: कोणी बघत नाही ती जागा

काटोलकडच्या एका संत्रा वाहणाऱ्या भाऊंची पिकअप अशीच माझ्याकडे आली होती. आंबिया बहाराचा माल निघाला की त्यांना भल्या पहाटे निघून कळमन्याच्या बाजारात पोचावं लागतं, आणि नेमकी त्याच वेळी गाडी अडून बसायची. पंप एकदा खोलून झाला होता, फिल्टर नवे, नळी नवी. त्यांचं एकच म्हणणं, 'काऊन बाप्पा, सगळं नवं टाकलं तं हवा कुठून घेऊन राहिली?'

डिझेल किती भरता, असं विचारलं. हातात पैसा आला की फुल्ल, नाहीतर पाचशे-पाचशेचं. आणि फुल्ल असताना त्रास झालेला त्यांना आठवत नव्हता. कॅनवर गाडी ठीक निघाली. मग टाकीच्या वरचं झाकण खोललं आणि ओढणारी नळी उपसून बाहेर काढली. झाकणाला जिथे ती झाळलेली असते त्याच्या थोडं खाली काळपट चिकट थर होता. चिंधीनं पुसला तरी काही दिसेना. खालचं टोक अंगठ्यानं बंद करून, नळी बादलीभर डिझेलात आडवी धरून वरून फुंकर मारली, तेव्हा एका जागेतून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ निघाली. केसाएवढी चीर होती, जवळजवळ अर्ध्या वळशाची.

टाकी भरलेली असली की ही चीर डिझेलात बुडालेली, त्यामुळे ती डिझेलच ओढते. पातळी खाली गेली की हवा. इंजिन बदलल्यानंतरचा वाढलेला कंप, वर्षानुवर्षं कच्च्या रस्त्यावरचा हिंदकळा आणि जुनं झाळकाम, तिन्ही मिळून तिथेच तडा जातो. नळी बाहेर काढून पितळी झाळकाम करून घेतलं, तळापासून बोटभर अंतर ठेवून जाळी बसवली, झाकणाखालचं गॅसकेट नवं टाकलं. त्यानंतर गाडीनं पहाटे त्रास दिलेला नाही. वेल्डिंग-झाळकामासाठी नळी टाकीपासून पूर्ण वेगळी करून दूर न्या. टाकी 'रिकामी' असली तरी तिच्याजवळ ज्योत न्यायची नाही. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक.

बाकीच्या जागा

चेसिसवरची लोखंडी नळी पत्र्याच्या क्लिपखाली चिखल धरते आणि तिथेच आतून-बाहेरून गंजते. क्लिप सरकवून नखानं खरवडा, खपली निघाली तर नळी बदला.

रबरी नळी डिझेलला चालणारीच घ्या, तसं तिच्यावर छापलेलं असतं. लांबी थोडी सैल ठेवा, इंजिन हललं तरी ताण येता कामा नये. पट्टीवाली मोठी क्लिप बारीक नळीवर गोल बसत नाही, एका बाजूला चिमटा राहतो. नट-बोल्टची बारीक क्लिप वापरा. लोखंडी नळी करवतीनं कापली असेल तर तिच्या टोकाला रबरी नळी धरून ठेवणारा कंगोरा उरत नाही, तो नव्यानं तयार करून घ्या. पक्कडीनं धरून फिरवल्याचे लांबट ओरखडे असतील तर तेही बारीक पॉलिश पेपरनं आडवे घासून काढा, कारण हवा त्याच ओरखड्यातून आत सरकते.

बँजो बोल्टचे (नळी पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर जुनेच परत टाकलेले असतात. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं. नवे टाका. अगदीच अडलं तर जुने लाल तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात.

हँड पंप वापरून झाल्यावर त्याची मूठ आट्यांवर घट्ट बसवली नाही, किंवा त्याचं आतलं रबर झिजलं, तर तिथूनच हवा शिरते. रोज सकाळी हँड पंप मारणाऱ्या गाडीत तो लवकर झिजतो आणि मग एका दोषाचे दोन होतात. कॅनची चाचणी नापास झाली तर पहिला संशय याच्यावर घ्या.

रांगेच्या (इनलाइन) इंजेक्शन पंपात फिल्टर हा फीड पंपानंतर येतो, तो दाबाच्या बाजूला. तिथली गळती गाडी चालू असताना बाहेर ओलसर दिसते आणि बंद केल्यावर तीच हवा आत घेते, म्हणून फिल्टरच्या वाट्यांची गॅसकेट ओली असतील तर तीही सोडू नका. रोटरी इंजेक्शन पंपाचा पुष्कळदा वेगळा फीड पंप नसतो, तो स्वतःच ओढतो. मग फिल्टर, त्यावरचा प्रायमर, पाणी सोडायचा कॉक, सगळंच ओढण्याच्या बाजूला येतं. अशा गाडीत पाण्याच्या कॉकची ओ-रिंग आधी बघा.

कबाड्याकडून घेतलेल्या इंजिनात आणखी एक फसगत असते. पंपाच्या रिटर्नवर स्प्रिंगचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. तो दिसायला साध्या बँजो बोल्टसारखाच, म्हणून मधल्या कोणीतरी साधा बोल्ट ठोकून दिलेला सापडतो. मग पंपाच्या पोटात दाब टिकत नाही, चढावर भरलेली गाडी दम सोडते आणि वरवर पाहता एअर धरल्यासारखंच वाटतं. बोल्ट काढून उजेडात धरा, आरपार दिसलं तर तो व्हॉल्व्ह नव्हे. इंजिन घेतानाच हे बघावं, आणि बिलही तेव्हाच घ्यावं. पासिंग एमएच ३१ चं असो, ४० चं किंवा ४९ चं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलात असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. कागदावर जुना इंजिन नंबर राहिला तर अपघातानंतर विम्याच्या वेळी तोच आडवा येतो.

टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं असेल तर लक्षण वेगळं दिसतं. सकाळी सुरू होते, पण वीस-तीस मिनिटं चालून दम तोडते, आणि झाकण उघडलं की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. झाकण साफ करा. हा ताण वाढला की बरा असलेला जोडही हवा घेऊ लागतो.

एअर नीट कशी काढायची

दुरुस्ती झाल्यावर आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करा, बुडबुडे थांबून निखळ धार येईपर्यंत हँड पंप मारा आणि पंप दाबून धरलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू, तसंच. हँड पंपाची मूठ घट्ट बसवा. त्यानंतर नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. इथे हात लांब ठेवा, फक्त सेल्फवरच फिरवा. नोझलच्या दाबाची धार कातडीतून आत घुसते, आणि तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. सेल्फ एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विसावा द्या.

यातलं सगळं बघून झालं, कॅन जमिनीवर ठेवूनही नळीत डिझेल उतरतं, हँड पंप नवा, वायसर नवे, तरी सकाळ तशीच, तर मात्र फीड पंप काढून पंपवाल्याकडे न्या. अख्खा इंजेक्शन पंप उतरवू नका. फीड पंप दोन-तीन बोल्टांवर बाजूला लावलेला असतो, एकटाच निघतो. आतल्या दोन्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची बैठक आणि प्लंजर तपासायला सांगा, आणि कॅनच्या चाचणीत नेमकं काय दिसलं तेही सांगा.